वीस वर्षांचं पित्त

वासंती मुळमुळे या बाईचं आडनाव चुकलंय, यावर भोपाळच्या मराठी मंडळात सगळ्यांचं एकमत आहे, आणि त्या मंडळात एकमत होणं ही काही साधी गोष्ट नव्हे. मुळमुळीतपणा तिच्यात औषधालासुद्धा नाही. आडनाव लग्नात आलं, आणि त्यासोबतचा गुण नवऱ्यानं, नीळकंठरावांनी, स्वतःकडेच ठेवून घेतला. नीळकंठराव करोंदच्या मंडीत एका धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडे तीस वर्षं वह्या लिहितात. शेठ ओरडला की गिळतात, बस चुकली की गिळतात, भाजीत मीठ नसलं तरी मुकाट गिळतात. "सासूबाईंनी नावच तसं ठेवलं," वासंती म्हणते, "त्याला मी काय करू?"

वासंती मूळ नागपूरची. लग्न होऊन आली तेव्हा सासरे बरखेड्याच्या कारखान्यात होते, क्वार्टर होतं, दवाखाना फुकट होता. सासरे रिटायर झाले, क्वार्टर गेलं, दवाखाना गेला, आणि कारखान्याच्या कुंपणाबाहेर दोन खोल्या उरल्या. मंडीचा पगार महिन्याच्या वीस तारखेला धापा टाकायला लागतो, म्हणून वासंतीनं पदार्थ करून विकायला सुरुवात केली. भाजणी, चकली, मेतकूट, पुडाच्या वड्या, आणि कोकणातून मागवलेली आमसुलं. स्कूटरला दोन पिशव्या अडकवून ती अरेरा कॉलनीत घरोघरी जायची. साहेब लोकांच्या बायका पुड्या घ्यायच्या, पैसे पुढच्या वेळी द्यायच्या, आणि पुढच्या वेळी कुत्रा अंगावर सोडायच्या. म्हणजे मुद्दाम नाही, पण कुत्रा यायचाच.

या दारोदारीला ती कंटाळली होती. बावन्न वर्षांच्या बाईनं किती दिवस परक्या गेटाबाहेर "भाभीजी, भाजणी" असं ओरडायचं? तिला दुकान हवं होतं. दस नंबर मार्केटमध्ये, शिंप्याशेजारी, आठ बाय दहाचा एक गाळा तिनं हेरला होता. डिपॉझिट सव्वा लाख. आठ वर्षं पुड्या विकून तिनं दीड लाखाची एफडी केली होती. पाटीवरचं नावसुद्धा ठरलं होतं. मार्चमध्ये एफडी पिकणार, एप्रिलमध्ये दुकान उघडणार, असा बेत होता.

आणि जानेवारीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, अरेरा कॉलनीत एकीच्या गालिच्यावर वासंती पोट धरून आडवी झाली. हातातलं वाण तेवढं सोडलं नाही. स्टीलची चाळणी होती.

नेलं एका खाजगी दवाखान्यात. पित्ताशयात खडे, दुर्बिणीतून ऑपरेशन, उद्याच करू, असं मोठे डॉक्टर म्हणाले. मग फाइल भरायला एक ज्युनिअर डॉक्टर आला. मिसरूड नुकतं फुटलेलं, डोळ्यांवर झोप. "आंटी, पहले से कोई तकलीफ?"

वासंतीचा बाणा असा, की डॉक्टरपाशी खोटं बोलू नये. "बीपी नही, शुगर नही," ती म्हणाली. "बस, पित्त है. वो तो बीस साल से है."

आता मराठी माणसाला इथं काही सांगायची गरज नाही. पित्त म्हणजे काय? उपाशी राहिलं की डोकं चढतं, आंबट ढेकर येतात, तोंडाला पाणी सुटतं आणि उलटी झाली की बरं वाटतं, ते पित्त. अंगावर गांधी उठतात तेही पित्त. लग्नात पंगत उशिरा बसली की अर्ध्या बायकांना होतं ते पित्त. आमसूल चघळायचं, गप्प पडायचं, संपलं. पण हा पोरगा निघाला रीवा की सतना तिकडचा. त्याच्या हिंदीत पित्त असतं ते थैलीत, पित्त की थैली, आणि पुढ्यात पडलेल्या बाईच्या थैलीत तर खडे. त्यानं खाली मान घालून लिहिलं, रुग्णाला पित्ताशयाचा जुना आजार, वीस वर्षे. लिहिलं इंग्रजीत, त्यामुळे अक्षर वाईट आणि वजन जास्त.

मेडिक्लेम होता. चार वर्षांपूर्वी गोविंद तिवारी नावाच्या एजंटानं विकला होता. तीन वेळा घरी आला, तिन्ही वेळा चकल्या खाल्ल्या, तिसऱ्या वेळी डबा भरून नेला आणि म्हणाला, "भाभीजी, अब आप टेन्शन मुझपे छोड दो." डिस्चार्जच्या दिवशी कंपनी म्हणाली, चौकशी चालू आहे, आत्ता तुम्ही भरा, मग बघू. बिल एक लाख सेहेचाळीस हजार. एफडी मोडली. मुदतीआधी मोडली म्हणून बँकेनं व्याजही कापलं.

मार्चमध्ये कंपनीचं पत्र आलं. मुलगी शमिका, चोवीस वर्षांची, एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात काम करते, तिनं वाचून दाखवलं. "आई, क्लेम रिजेक्ट केलाय यार. म्हणे तुला वीस साल से गॉल ब्लॅडरची बीमारी होती आणि पॉलिसी घेताना तू तथ्य छुपाया."

"मी छुपाया?" वासंतीचा आवाज शेजारच्या गल्लीत गेला. "माझं पित्त अख्ख्या बरखेड्याला माहीत आहे! मंडळाच्या कोजागिरीला माझ्यासाठी वेगळं दूध ठेवतात! मी काय छुपाया?"

नीळकंठराव म्हणाले, "जाऊ दे." बास, एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी त्यांना दुपारचा चहा मिळाला नाही.

संकटं एकेकटी येत नाहीत, रांग लावून येतात, आणि मुळमुळ्यांच्या दारात तर त्यांनी टोकन घेतलं होतं. एप्रिलमध्ये फ्रीज बंद पडला. त्याची वाढीव वॉरंटी होती. मेकॅनिक आला आणि म्हणाला कॉम्प्रेसर कव्हर आहे, गॅस कव्हर नाही, आणि गेलाय तो गॅस. मे महिन्यात बोअरची मोटर जळली. जूनमध्ये नीळकंठरावांची दाढ ठणकायला लागली. त्यांनी तीही तीन आठवडे गिळली, शेवटी गाल टरारून वर आला तेव्हा कळलं. एफडीतलं उरलंसुरलं असं गेलं. वासंती परत दोन पिशव्या अडकवून अरेरा कॉलनीत फिरायला लागली. गाळ्याचा मालक भला माणूस होता, पण भलेपणालाही भाडं लागतं. "दशहरे तक रुकूँगा, भाभीजी," तो म्हणाला. "फिर एक मोबाईल वाला पीछे पडा है."

म्हणजे दसऱ्यापर्यंत क्लेमचे पैसे आले तर दुकान, नाहीतर त्या आठ बाय दहात मोबाईलची कव्हरं. वासंतीनं पदर खोचला.

आधी एजंट. गोविंद तिवारी सात फोननंतर सापडला आणि वर तिलाच बोलला, "भाभीजी, आपने पित्त बोला ही क्यों?" तिनं चकल्यांचा हिशेब काढताच फोन कटला. मग दवाखाना. ज्युनिअर डॉक्टर नोकरी सोडून बंगळुरूला गेला होता आणि बंद झालेल्या फाइलमध्ये दुरुस्ती होत नाही, असं खिडकीतल्या बाईनं नेलपॉलिश वाळवता वाळवता सांगितलं. मग कंपनीचा तक्रारीचा नंबर. तिथं आधी गाणं, मग मुलगी, मग परत गाणं. मुलगी म्हणाली, जुन्या ॲसिडिटीचे कागद पाठवा.

"अगं, कागद कुठले?" वासंती फोनवर मराठीतच सुरू झाली. "आमसुलानं बरं होणाऱ्या दुखण्याला डॉक्टर कोण लावतं? वीस वर्षं आमसुलं खाल्ली, त्याची पावती कुठून आणू मी?" तिकडून गाणं लागलं.

शमिकानं डोकं लढवलं. मंडळाच्या वाचनालयातून मराठी शब्दकोश आणला, पित्त या शब्दाचं पान काढलं आणि तिचं तोंड उतरलं. पहिलाच अर्थ होता, यकृतात तयार होणारा हिरवट पिवळा रस. म्हणजे कोशही कंपनीच्या बाजूचा! "हे लिहिणाऱ्याला जन्मात कधी पित्त झालेलं दिसत नाही," वासंती म्हणाली आणि कोश पिशवीत कोंबला. मंडळाच्या अध्यक्षांकडून दाखला मागितला. त्यांनी दोन पानांचं पत्र दिलं, त्यात दीड पान मंडळाच्या वाटचालीवर होतं आणि शेवटी, सौ. मुळमुळे यांच्या पित्ताविषयी मंडळास आदर आहे.

शेवटी शमिकानंच कुठूनतरी शोधून काढलं, की विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं बीमा लोकपाल म्हणून एक कार्यालय असतं, तिथं वकील लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. अर्ज गेला. दोन महिन्यांनी, ऑगस्टच्या शेवटी, तारीख मिळाली.

त्या दिवशी वासंती इरकली नेसून गेली. सोबत नीळकंठराव, शेठकडून अर्ध्या दिवसाची रजा मागून आलेले, आणि एक जाडजूड फाइल. बाहेरच्या बाकावर कंपनीचा माणूस आधीच बसला होता. तिशीचा, टाय लावलेला, चेहरा पांढराफटक, मांडीवर वासंतीच्या क्लेमची फाइल. शिपायानं पुकारलं, "कंपनी की तरफ से अंबरीश कानिटकर!"

वासंतीच्या जिवात जीव आला. कानिटकर! आपला माणूस! याला पित्त म्हणजे काय ते समजावून सांगायची गरजच नाही. ती त्याच्याजवळ सरकली. "इंदूरचे का हो तुम्ही? अहो, हे बघा ना, त्या पोरानं पित्ताचं काय करून ठेवलंय..."

त्यानं तिच्याकडे न बघता फाइल बंद केली. "मॅडम, जो भी कहना है, अंदर कहिए. हिंदी में."

वासंतीला थोबाडीत बसल्यासारखं झालं. गोविंद तिवारीचा राग आला नव्हता एवढा तिला या कानिटकराचा आला. तिवारीला कळतच नव्हतं. याला कळत होतं. तिनं त्याच्या मांडीवरच्या फाइलीकडे पाहिलं. नकाराच्या पत्राखाली जी वेटोळी सही होती, तीच सही तिथं कोपऱ्यात होती. पत्र यानंच लिहिलं होतं.

लोकपाल साहेब साठीच्या पुढचे, चष्मा नाकाच्या टोकावर, शांत माणूस. कानिटकरनं वाचायला सुरुवात केली. "सर, शिकायतकर्ता ने भर्ती के समय खुद स्वीकार किया है कि उन्हें बीस साल से पित्त की बीमारी है. पॉलिसी लेते समय यह बात छिपाई गई."

साहेबांनी वासंतीकडे पाहिलं. "आपने ऐसा कहा था?"

"कहा था, लेकिन वो पित्त नही, साहब. मतलब पित्त ही, लेकिन वो वाला नही. वो जो ऊपर आता है. डोके में चढता है." वासंतीची हिंदी राग आला की लंगडते. "हमारे में पित्त मतलब, वो... खट्टा."

"पित्त तो थैली में ही होता है न?" साहेब म्हणाले, उपरोधानं नव्हे, खरंच विचारत होते.

तिनं कोश काढला, पान आठवलं, परत ठेवला. मंडळाचं पत्र दिलं. साहेबांनी पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं, आणि चष्मा पुसला. वासंतीला दिसलं की गेलं. आठ वर्षांच्या पुड्या गेल्या, गाळा गेला, पाटी गेली, आणि वर खोटारडी हे नाव कागदावर कायमचं राहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला राग आला.

कानिटकर पुढचा मुद्दा वाचत होता आणि मध्येच थांबला. त्यानं डोळे मिटले, दोन बोटांनी कपाळ दाबलं, आवंढा गिळला. ओठांवर घाम. मग तोंडावर हात धरून त्यानं एक ढेकर कसाबसा जिरवला, त्याचा आंबट वास टेबलाच्या या बाजूला आला.

वासंती काही ठरवून बोलली नाही. पंचवीस वर्षं जे समोर दिसलं की तोंडून निघतं, तेच निघालं. "पित्त झालंय का रे तुला?"

"हो ना काकू," डोळे न उघडता तो म्हणाला. "पाचच्या बसनं निघालो, रिकाम्या पोटी दोन चहा झाले. नुसतं खवळलंय. डोकं फुटतंय माझं."

"आणि काही खाल्लं नाहीस? कमाल करता बाई तुम्ही मुलं. थांब." ती पर्समध्ये आमसुलाची पुडी शोधायला लागली. तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, देवाशपथ.

"क्या बात हो रही है?" साहेबांनी विचारलं.

कानिटकरनं डोळे उघडले आणि त्याच्या चेहऱ्यावर उरलासुरला रंगही गेला. वासंतीचा हात पर्समध्येच थांबला. आणि मग खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला. नीळकंठ मुळमुळे उभे राहिले होते. तीस वर्षांत शेठसमोर जे कधी उभे राहिले नाहीत, ते टेबलाला दोन्ही हात टेकून उभे होते.

"साहब," ते म्हणाले, "मेरी पत्नी ने इनसे पूछा, पित्त हुआ है क्या. मराठी में पूछा. ये बोले, हाँ, हुआ है. सुबह से, खाली पेट चाय पीने से. सर दर्द कर रहा है." एवढं बोलून त्यांनी श्वास घेतला. "अब आप इनसे पूछिए, इनकी थैली में पथरी कितनी है."

साहेबांनी चष्मा खाली ओढून कानिटकरकडे पाहिलं. "आपको पित्ताशय की बीमारी है?"

"नहीं सर. वो... वो तो ॲसिडिटी..."

"मराठी में उसे क्या कहते हैं?"

कानिटकर फाइलीची पानं उलटायला लागला.

"मिस्टर कानिटकर, मैंने कुछ पूछा है."

"पित्त, सर," तो म्हणाला. इतका हळू म्हणाला की लिहून घेणाऱ्या बाईंनी परत विचारलं, आणि त्याला ते परत म्हणावं लागलं.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. साहेबांनी निकाल तिथंच सांगितला. तथ्य लपवलं असं दिसत नाही, क्लेम द्या, तीस दिवसांत द्या. कंपनीनं मग रिवाजाप्रमाणे हातमोजे, कापूस, सुया आणि कसली कसली नोंदणी फी कापायची ती कापली, तरी आकडा राहिला एक लाख एकतीस हजार चारशे. डिपॉझिट सव्वा लाख. वासंतीनं मनातल्या मनात वजाबाकी केली. पाटी रंगवायलाही पुरणार होते.

बाहेर आल्यावर तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. "बोलता येतं तुम्हाला," ती म्हणाली.

"दाढ काढली ना," नीळकंठराव म्हणाले आणि जिना उतरायला लागले. पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि वासंतीला ते त्या क्षणी फार आवडले. तिनं ते बोलून दाखवलं नाही. आज त्यांना चहासोबत भजी मिळणार होती.

कानिटकर भिंतीला टेकून उभा होता, टाय सैल करून. वासंती त्याच्यापुढे जाऊन थांबली. "एकच सांग. ते पत्र तू लिहिलंस. तेव्हा तुला माहीत होतं ना, पित्त म्हणजे काय?"

"माझ्या आईलाही आहे, काकू," तो बुटाकडे बघत म्हणाला. "वर्षानुवर्षं."

"मग?"

"महिन्याला ठरावीक क्लेम नाकारावेच लागतात. तुमच्या फाइलीत लिहिलेलंच होतं, मला काही खोटं लिहावं लागलं नाही."

तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. सहा महिने ती आपल्या एका शब्दासाठी दारोदार फिरली, आणि तो शब्द या पोराच्या घरात, याच्या आईच्या तोंडात रोज होता. पण पोरगा खरंच पांढरा पडला होता, भिंत सोडली तर कोसळेल असा. तिनं पर्समधून आमसुलाची पुडी काढून त्याच्या हातात ठेवली. त्यानं घाईघाईनं एक तोंडात टाकलं, डोळे मिटले, आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

"थँक्यू, काकू," तो म्हणाला. आता अगदी शुद्ध मराठीत.

"थँक्यू काय? चाळीस रुपये."

त्यानं खिशातून पन्नासची नोट काढली. वासंतीनं दहा परत दिले, मोजून. "आणि आईसाठी हवी असतील तर दस नंबर मार्केटला ये, शिंप्याशेजारी. दसऱ्यापासून उघडतेय." जिन्याच्या तोंडाशी ती थांबली, मागं वळली. "आईचा मेडिक्लेम काढला आहेस का रे?"

"हो. आमच्याच कंपनीचा."

"मग तिला सांगून ठेव," वासंती म्हणाली, "कोणी विचारलं तर मला काहीही होत नाही म्हणायचं. पित्तसुद्धा नाही."